पौर्णिमेनंतरचा शनिवार

दिनकरराव, तुमची शोकसभा शनिवारीच झाली.

हॉल मीच घेतला. झूटरमेर गावातला, नेहमीचा, ज्याच्या खिडक्या उघडत नाहीत म्हणून तुम्ही दर वर्षी कुरकुर करायचात तोच. तेराव्याला सभा घ्यावी असं तुमच्या मुलीच्या, मुग्धाच्या मनात होतं, पण तेरावा आला आठवड्याच्या मध्यात. कामाच्या दिवशी कोण येणार, असं मी तिला म्हणालो आणि तिनं ऐकलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "माणूस मेला तेव्हा तुमची परवानगी घ्यायला हवी होती, शनिवारकर." नव्हतात, म्हणून मी जिंकलो. या विजयाचा आनंद होईल असं मला वाटलं होतं.

लोक चांगलं बोलले तुमच्याबद्दल. फार चांगलं. तुम्ही शांत होतात म्हणे. मनमिळाऊ होतात. मी मागच्या रांगेत बसून तुमच्या फोटोकडे बघत होतो. मंडळाच्या बैठकीत टेबलावर वाटी आपटून निघून गेलेला माणूस हाच ना, याची खात्री करून घेत होतो. सगळ्यांना सांभाळून घ्यायचात, असंही कोणीतरी म्हणालं. मला तर चाळीस वर्षांत तुम्ही एकदाही सांभाळून घेतलं नाहीत. नाही, एकदा घेतलंत. त्याचसाठी हे लिहायला बसलोय.

कारण त्यानंतर पुण्याहून आलेला, मंडळात नवा असलेला एक मुलगा उठला आणि त्यानं नाराचा किस्सा सांगितला. त्यानं तो कोणाकडून तरी ऐकलेला. नाना, म्हणजे तुम्ही, सगळ्या घरादाराला घेऊन जपानला चंद्र बघायला गेले आणि पोचले तेव्हा पौर्णिमा होऊन गेलेली. लोक हसले. वाईट हसले नाहीत, मायेनं हसले. मुग्धाही हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "तिथूनच सुरू झालं नानांचं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठलो आणि खुर्च्यांच्या घड्या घालायला लागलो. अजून दोन माणसं बोलायची राहिली होती.

हे प्रेमापोटी लिहितोय असं समजू नका. मला तुमचा राग आहे. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मला कळतं, पण तुम्हीच मला अशा जागी आणून ठेवलंय की खरं सांगायचं तर रागानंच सांगावं लागेल. मंडळानं कोजागिरीच्या अंकात तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. ती मी तुमच्या शांत स्वभावाबद्दल भरणार नाही.

आपलं भांडण कशावरून होतं ते अंक वाचणाऱ्या नव्या लोकांना माहीत नसेल. आपण दोघं इथं, डचांच्या देशात आलो तेव्हा मराठी माणसं एका दिवाणखान्यात मावायची. कॉम्प्युटरवर काम करणारे आपण दोघे, द हेगला एकाच कचेरीत, समोरासमोरच्या टेबलांवर. मंडळ काढलं तेव्हा हॉल बघायचं, खेमेंटेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून परवानगी काढायचं, आचारी ठरवायचं काम माझ्याकडे आलं आणि भांडायचं काम तुमच्याकडे. मी ठरवलं, सण जवळच्या शनिवारी. गणपती शनिवारी, संक्रांत शनिवारी, कोजागिरी शनिवारी. लोक येतात, मुलं येतात, हॉल मिळतो. तुम्ही म्हणायचात, चंद्राला सुट्टी लागत नाही. मी म्हणायचो, चंद्राला सकाळी आठला कामावरही जायचं नसतं. मग तुम्ही वाटी आपटायचात.

माझा सुमंत आणि तुमची मुग्धा इथंच वाढले, इथंच त्यांचं जमलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मवाळ होईल. लग्न तुम्ही मुहूर्तावर लावलंत, गुरुवारी सकाळी, आणि निम्मे पाहुणे ऑफिसात होते. उरलेल्या जिलेब्या दोन्ही घरांत आठवडाभर पुरल्या. "मुहूर्तावर लागलं म्हणून टिकतंय," असं तुम्ही अजून परवापर्यंत म्हणत होतात. टिकलंय ते माझा मुलगा गरीब आहे म्हणून.

आणि तुमचा तो फोन. शनिवारी हॉलमध्ये दूध पिऊन झालेलं असायचं, ट्यूबलाइटच्या उजेडात, विजेच्या शेगडीवर आटवलेलं. मग खरी कोजागिरी यायची, सोमवारी किंवा बुधवारी, आणि जेवण झालं की फोन वाजायचा. "शनिवारकर, बाहेर या. आज आहे." एवढं बोलून ठेवून द्यायचात. मी जायचो नाही. उठून पडदा ओढायचो. दर वर्षी. तुम्हाला एकटं टाकून सुलभावहिनी गेल्या त्या वर्षी मला वाटलं, आता काही फोन येत नाही. आला. त्या वर्षी मी बाल्कनीत गेलो होतो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. ढग होते.

आता नारा.

इरा, आपली नात, लायडनला विद्यापीठात जपानी शिकायला लागली आणि तिनं एकदा जेवताना त्या तळ्याची गोष्ट सांगितली. जुन्या काळी राजधानी नाराला होती. राजाच्या दरबारातली एक बाई, राजाला तिचा विसर पडला, तिनं चांदण्या रात्री तळ्यात जीव दिला. लोकांनी काठावर तिचं छोटं देऊळ बांधलं, तर देवळाला ते पाणी बघवेना. एका रात्रीत देवळानं तळ्याकडे पाठ फिरवली. आजही ते तसंच आहे. आणि दर वर्षी शरदातल्या, म्हणजे आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेला तिच्यासाठी उत्सव होतो, दोन नावा वाद्यं वाजवत तळ्यात फिरतात आणि फुलांचा एक मोठा पंखा पाण्यात सोडतात. इरा हे सगळं डचमध्ये सांगत होती, तुम्ही मराठीत प्रश्न विचारत होतात. "देवळानं पाठ फिरवली? आपण होऊन?" असं तुम्ही तीनदा विचारलंत. मग म्हणालात, मला हे बघायचंय. सुलभावहिनी गेल्यापासून तुम्हाला काही बघायचंय असं तुम्ही म्हणाला नव्हतात, म्हणून मुग्धा लगेच तयार झाली. आणि आखणी कोण करणार? मी. दुसरं कोणाला येतं?

पौर्णिमेच्या आसपासचा उत्सव, असं इरा म्हणाली होती. मी तो आठवडा बघितला आणि शनिवार धरला. दिनकरराव, मला शंकासुद्धा आली नाही. नावा आणायच्या, वादक आणायचे, बाहेरगावचे लोक यायचे, एवढं सगळं कोणी मंगळवारी करेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इरानं विचारलंही होतं, "आबा, नक्की शनिवारी?" मी म्हणालो, नक्की. चाळीस वर्षं मी शनिवारीच चंद्र उगवताना बघितला होता.

दुपारी पोचलो. ऊन होतं, पण सावलीत गारवा. हरणं रस्त्यावरून माणसांसारखी फिरत होती. त्यातल्या एकानं तुमची पिशवी ओढली आणि तुम्ही त्याला "लाज नाही वाटत, उपासाचं आहे ते" असं मराठीत झापलंत. इरा खाली बसून हसली. पिशवीत खजूर होते, शेंगदाण्याचे लाडू होते. मुग्धानं बरोबर दिलेले, कारण त्या दिवशी तुमची संकष्टी होती.

हे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण आमच्या घरातल्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही, आणि त्यांत मीही होतो. त्या दिवशी तुमची संकष्टी होती. पौर्णिमेला कोणाची संकष्टी असते?

तळ्यावर संध्याकाळी गेलो तर काही नाही. बाकांवर चारदोन माणसं. दगडांवर कासवं. पलीकडच्या पॅगोडाचं प्रतिबिंब पाण्यात, आणि काठाशी गवतात अडकलेली थोडी सुकलेली फुलं. इरा कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातल्या म्हातारीशी बोलायला गेली. ती बाई वाकून वाकून काहीतरी सांगत होती, जणू तिचीच चूक. इरा परत आली आणि डचमध्येच म्हणाली, मंगळवारी झालं. मुग्धा प्रवासानं थकली होती. तिनं विचारलं, "तारीख कोणी बघितली होती?" सुमंतनं माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं होतं. हे नोंदवून ठेवायचंय मला. उघडलं होतं. त्यातून काय निघालं असतं ते मला माहीत नाही, आणि ते कळायची संधी तुम्ही मला दिली नाहीत. माझ्या आधी तुम्हीच म्हणालात, "मी. मीच सांगितली आबांना. माझी गफलत झाली."

मुग्धाच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं दुसरं काहीतरी आलं. जन्मात एक तिथी न चुकलेला तिचा बाप पौर्णिमा चुकला होता. मी चुकलो असतो तर ती चिडली असती. तुम्ही चुकलात म्हणून ती घाबरली.

तुम्ही मात्र मजेत होतात. देवळाला वळसा घालून त्याचा दरवाजा बघून आलात. कमान एकीकडे, देऊळ दुसरीकडे तोंड करून. "खरंच रुसलंय हो," असं म्हणालात. मग आम्हाला सगळ्यांना बाकावर बसवून ठेवलंत, कारण चंद्रोदय व्हायचा होता आणि त्याशिवाय तुम्ही जेवणार नव्हतात. चंद्र बऱ्याच उशिरा आला, झाडांच्या मागून, एका बाजूनं कुरतडलेला. इरानं त्या म्हातारीकडून तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे आणले होते. तुम्ही चंद्राला हात जोडलेत, गोळा तोंडात टाकलात, चावलात आणि म्हणालात, "मोदकच आहे. सारण घालायला विसरले." सगळे हसले. मी हसलो नाही. मला तेव्हा तुमचा जेवढा द्वेष वाटला तेवढा मंडळाच्या एकाही बैठकीत वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आसुकाला गेलो. नारापासून जवळ, त्याहून जुनी राजधानी. आता तिथं शेतं आहेत. डोंगराच्या उतारावर भाताच्या पायऱ्या, भात पिकत आलेलं, आणि बांधाबांधावर ती लालभडक फुलं, पान नसलेली, नुसत्या दांड्यावर उभी. ही फुलं याच आठवड्यात येतात आणि याच आठवड्यात इथले लोक आपल्या मेलेल्यांच्या थडग्यांवर जातात, असं इरानं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे पितृपक्षच की." संध्याकाळी गावकऱ्यांनी बांधांवर दिवे लावले. खालपासून वरपर्यंत, हजारो असतील. हा कार्यक्रम अलीकडचा, लोकांनी सुरू केलेला, आणि म्हणून तो शनिवार-रविवारचा होता. मी तुम्हाला तो फलक दाखवला. मला कुठेतरी जिंकायचं होतं. तुम्ही थोडा वेळ दिव्यांकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "ठीक आहे. दिवे तुमचे, चंद्र माझा."

मुलं पुढे गेली होती. आपण दोघं बांधावर बसलो. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तिकिटं दाखवलीत तेव्हाच. शनिवारी संकष्टी, म्हणजे पौर्णिमा मंगळवारी गेली. त्यात कळायचं काय?"

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, हा माणूस इतकी वर्षं सांगतोय की देव शनिवारी येतो. जपानात येत असेल."

मी म्हणालो, ही थट्टा नाही, आणि काल तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत. तुम्ही एक गवताची काडी तोडून दातांत धरलीत. त्या आधीच्या हिवाळ्यात मला एक छोटा झटका येऊन गेला होता, तोंड वाकडं होऊन पुन्हा सरळ झालं होतं. तेव्हापासून सुमंत माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला होता. आबा, शेगडी बंद केलीत ना? आबा, किल्ली कुठे आहे? एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक आणून त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं होतं, सहज ठेवल्यासारखं.

"ते पत्रक बघितलंय मी," तुम्ही म्हणालात. "तुमच्यावर डोळा आहे पोराचा. माझ्यावर कोणाचा नाही."

"मला तुमचे उपकार नकोत."

"उपकार कसले. या कोजागिरीला मी फोन केला की बाहेर यायचं. एवढंच."

त्या कोजागिरीला तुमचा फोन आला. मी गेलो नाही.

आणि आता माझी तक्रार. तुमच्यावर कोणाचा डोळा नाही असं तुम्ही म्हणालात ना? परत आल्यावर मुग्धानं तुमची पाठ धरली. आधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे, तिथून स्मरणशक्तीच्या तपासणीला. त्या माणसानं विचारलं, आज वार कोणता, आणि तुम्ही सांगितलंत, पंचमी. पुढे विचारलं, ऋतू कोणता, तर म्हणालात, शरद. मुग्धानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. काय गरज होती? वार माहीत होता तुम्हाला. तुम्ही तिथंही भांडत होतात, माझ्याशी भांडत होतात, मी तिथं नसताना. त्या खोडीपायी तुमची गाडी गेली, मग द हेगचं ते घर गेलं, ज्याच्या खिडकीखालून ट्राम जायची आणि तुम्ही तिच्या नावानं शिव्या द्यायचात. नीउ-व्हेनेपला मुलांच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. त्यातला अर्धा दोष तुमचा आहे. हे मी कोर्टातही सांगेन.

उरलेला अर्धा माझा. मी कधीही, कोणत्याही रविवारी चहा पिता पिता सांगू शकलो असतो. दर रविवारी वाटायचं, आज सांगू. मग सुमंत म्हणायचा, "बघा ना आबा, नानांचं कसं झालं, तुम्ही त्या मानानं ठणठणीत आहात," आणि मला माझं घर, माझी किल्ली, माझी शेगडी दिसायची. मी बिस्किट घ्यायचो.

गेल्या वर्षी तुम्हाला पुन्हा जायचं होतं. या वेळी बरोबर तिथीला. नावा बघायच्या, फुलांचा पंखा बघायचा. तुम्ही जेवणाच्या टेबलावर विषय काढलात. मुग्धा हळुवारपणे म्हणाली, "नाना, मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना?" तुम्ही तिच्याकडे बघितलं नाहीत. माझ्याकडे बघितलंत. विनवणी नव्हती त्यात, त्या नजरेचा अर्थ मला अजून नीट लावता येत नाही. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बघा, त्या पाठमोऱ्या देवळाला कोणीतरी भाऊ भेटला." कोणाला काही कळलं नाही. मुग्धानं पुन्हा माझ्याकडे काळजीनं बघितलं, बघा आबा, काहीही बोलतात, अशा नजरेनं. मी मान हलवली. दिनकरराव, मी मान हलवली.

तिथं भांडायचं होतंत. वाटी आपटायची होतीत. क्षुल्लक गोष्टीसाठी वाट्या आपटणारा माणूस स्वतःची अक्कल गेली असं ठरत असताना हसत बसला, याचा मला संताप येतो. मला वाचवत होतात की मला किती खाली जाता येतं ते बघत होतात? खरं सांगा. नाही सांगणार. आता तर तुमच्याकडे पक्कं निमित्त आहे.

त्या कोजागिरीला नीउ-व्हेनेपहून फोन आला. "शनिवारकर, इथून झाडामुळे दिसत नाही. तुम्हाला दिसतोय का बघा." मी म्हणालो, थांबा, बघतो. फोन हातात धरून बसून राहिलो. पडदा उघडला नाही. मग म्हणालो, "दिसतोय." तुम्ही विचारलंत, "कसा आहे?" मी म्हणालो, "पूर्ण." तुम्ही म्हणालात, "बरं झालं आलात बाहेर." आणि ठेवलात.

तो शेवटचा फोन होता. या श्रावणात तुम्ही गेलात.

सभेनंतरच्या आठवड्यात मी मुग्धाकडे गेलो. ती तुमची खोली आवरत होती, मग खाली स्वयंपाकघरात येऊन चहा टाकायला लागली. मी म्हणालो, नाराचा शनिवार माझा होता. तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, तारीख मी ठरवली, नानांनी अंगावर घेतली. ती म्हणाली, "आबा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका." तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी पिशवीत खजूर कशाला दिले होतेस?

पातेल्यात चहा वर आला, उतू गेला, शेगडीवर चर्र झालं. तिनं बंद केली नाही. मी उठून बंद केली.

"संकष्टी होती," ती म्हणाली. मग खाली बसली. "मीच दिले होते." थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे गाडी मी उगाच विकली."

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिनं एकच विचारलं, "नानांनी मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो, तुझ्या वडिलांना नको तिथं मोठेपणा करायची सवय होती. हे खरं आहे आणि अपुरं आहे. बघा, काय ठेवून गेलात तिच्यासाठी. मला वाचवलंत आणि तिला हे दिलंत. याचा विचार केला होतात का तिथं बांधावर, काडी चावताना? आणि तुम्ही विसरलात तर विसरलात, मी तर दर रविवारी तिच्या समोर बसत होतो.

दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. सुमंत बोलला, तुटक बोलला. मग तिचा फोन आला. म्हणाली, "आबा, तुम्हीही एकदा ती तपासणी करून घ्या. मी येईन बरोबर." आवाजात राग होता. मी नाही म्हटलं नाही. तुमच्याकडून मी जे फुकट घेतलं होतं ते परत करायची ही पहिली संधी होती, आणि मी घाबरलो होतो हेही लिहून ठेवतो.

कोजागिरीचा हॉल या वर्षी मी घेतलेला नाही. मंडळातल्या पोरांना म्हणालो, तिथीला करा. ते म्हणाले, काका, वर्किंग डे आहे. माझेच शब्द, माझ्याच तोंडावर. करतील शनिवारी. मी जाईन, दूध पिईन. आणि खऱ्या दिवशी बाल्कनीत जाईन. फोन नाही आला तरी.

तपासणी भाद्रपदातल्या पौर्णिमेला आली. मी मागितली नव्हती, त्यांनी दिली. तिकडे नाराला त्याच संध्याकाळी नावा निघणार होत्या, पंखा पाण्यात जाणार होता, आणि देऊळ पाठ करून उभं राहणार होतं. मुग्धा कामावरून अर्धी सुट्टी घेऊन आली होती. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, ते मी काढलं. काही शब्द सांगून लक्षात ठेवायला सांगितले, ते ठेवले. मग तिनं विचारलं, आज दिवस कोणता.

वार मला माहीत होता. मी चाळीस वर्षं वारच बघत आलोय. सुमंतनं दिलेलं घड्याळ मनगटावर होतं, त्यात तो लिहिलेलाही होता.

मी म्हणालो, "पौर्णिमा."

डॉक्टरणीनं पेन थांबवून मुग्धाकडे बघितलं. मुग्धा समोरच्या खिडकीकडे बघत होती. तिनं तिकडेच बघत डचमध्ये सांगितलं, "बरोबर आहे. तसंच लिहा."